चार बोटं कागद

पेनिमनसाहेबांच्या घरात दिवस उजाडायचा तो त्यांच्या स्वतःच्याच थडग्याच्या मजकुरानं. मक्याच्या लापशीवर काकवीची धार धरायची, चमचा बुडवायचा, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत साहेब सुरू व्हायचे.

"हिटी, मी विचार केला. 'निर्भय' हा शब्द 'निःस्वार्थी'च्या आधी यायला हवा."

"बरं."

"पाटीवर दुरुस्त कर."

"लापशी निवते आहे."

"लापशी उद्याही मिळेल. शब्द एकदा निसटला की गेला."

हिटी, म्हणजे मेहिटेबल टटल, ओल्या अंगठ्यानं पाटीवरचे दोन शब्द पुसायची आणि उलटसुलट करून पुन्हा लिहायची. परवा 'निःस्वार्थी' आधी होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात दोन्ही शब्द काढून 'अचल' घातला होता. सात वर्षांत मजकूर अकरा ओळींवर गेला होता, आणि साहेब काही जायचं नाव घेत नव्हते. गावच्या पाथरवटानं एकदा मोजमाप घेऊन सांगितलं होतं, की एवढं सगळं कोरायचं तर शेजारची जागाही घेऊन ठेवावी लागेल. साहेबांना ती स्तुती वाटली.

ओबेडाया पेनिमन सहा वर्षं सिनेटमध्ये बसले होते आणि त्यानंतरची सत्तावीस वर्षं त्यातून उठलेच नव्हते. फिलाडेल्फिया तेव्हा राजधानी होती, देश नुकता जन्मलेला होता, आणि ज्यानं त्याला पाळण्यात हात लावला तो प्रत्येक जण आता स्वतःला त्याचा बाप म्हणवत होता. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या वेअरफील्डसारख्या गावाला असा एक बाप पुरेसा होता. प्रार्थनाघरात त्यांचं बाक पहिलं, चार जुलैला भाषण त्यांचं, आणि ते भाषण संपेपर्यंत भाजलेलं डुक्कर गार व्हायचं हेही ठरलेलं.

त्या मे महिन्यातल्या सकाळी हिटी पाव मळत होती. हात कोपरापर्यंत पिठात. तेवढ्यात टकटक झाली, आणि तीही पुढच्या दारावर.

वेअरफील्डमध्ये पुढचं दार वाजवणारा एकतर परका असतो, नाहीतर कुणीतरी गेल्याचं सांगायला आलेला. बाकीचं गाव मागच्या दारानं येतं, आणि वाजवत नाही. हिवाळ्यात फुगलेलं ते दार हिटीनं खांदा लावून उघडलं. बाहेर रस्त्याच्या धुळीनं माखलेला चाळिशीचा गृहस्थ उभा होता. बूट उंची, बोलणं लोण्यासारखं, आणि छातीशी तान्ह्या पोरासारखी धरलेली कातडी थैली.

"माफ करा बाई. सिनेटर पेनिमन इथंच राहतात ना? मी पेरेग्रिन लायल. व्हर्जिनियाहून आलोय. कर्नल ब्रॉडनॅक्सांचा धाकटा जावई."

हिटीचे पिठाचे हात हवेतच राहिले. तिची नजर गृहस्थाच्या तोंडावर नव्हती, थैलीवर होती.

"या," ती म्हणाली. "पायपुसण्यावर बूट पुसा. दोन्ही."

ही थैली काय होती ते कळायला सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल. फिलाडेल्फियात एका विधवेच्या खाणावळीत पेनिमनसाहेब आणि व्हर्जिनियाचे कर्नल ल्यूशियस ब्रॉडनॅक्स एकाच मजल्यावर राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे आणि एकाच दिव्याखाली देशाची काळजी करायचे. मिठावरच्या कराचं विधेयक समितीत एका मतानं पडलं. ते एक मत आपलंच, असं दोघंही म्हणू लागले. आता एका मतानं पडलेल्या विधेयकात सगळीच मतं ते एक मत असतात, हे खाणावळीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना कळत होतं. वर दिवाणखान्यात कळत नव्हतं. समितीच्या खोलीत नावनिशी नोंद ठेवायची रीत नव्हती, त्यामुळं दोघांचंही फावलं. भांडण असं पेटलं, की दोघांनी एकाच दिवशी सामान बांधलं आणि खाणावळ सोडली. खाणावळीच्या स्वयंपाकघरात टटल बहिणी होत्या: मोठी हिटी, धाकटी डॉर्कस. आई-बाप नाहीत, हात मात्र कामाला वाघ. दोन्ही साहेबांना त्यांच्या हातच्या पावाची सवय लागलेली. पेट्या वाटल्या, पुस्तकं वाटली, तशा बहिणीही वाटल्या गेल्या. हिटी उत्तरेला आली, डॉर्कस दक्षिणेला गेली.

अठरा वर्षं साहेब लोक बोलले नाहीत. आणि टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्यानं मोजायचे, तेही कागदागणिक, अशा त्या जमान्यात दोन मोलकरणींनी एकमेकींना काय पत्रं पाठवायची? वर्षा-दोन वर्षांनी कुणी तिकडं जाणारा भेटला तर निरोप.

शेवटी हिटीनंच एकदा मटार सोलता सोलता सोडून दिलं, "कर्नलसाहेबही आता सत्तरीला आले असतील. ते गेले तर त्या मिठाच्या मतावरून तुमच्याशी भांडायला कोण उरणार?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

मग आठ वर्षं पत्रांचा पूर लोटला. काय नव्हतं त्यात! स्वातंत्र्य, रोमन लोक, मेंढ्यांची पैदास, मृत्यूनंतरचं जीवन, बद्धकोष्ठ. 'माझ्या थोर मित्रा' असं सुरू करायचं, दीड पान एकमेकांना हार घालायचे, दुसऱ्या पानावर त्याच हारात एखादी टाचणी ठेवायची, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर सही ठोकून खाली लिहायचं, 'अत्यंत खासगी. वाचून जाळून टाकावे.' हे लिहून झालं, की पेनिमनसाहेब तो कागद ओल्या पातळ कागदासह दाबयंत्रात घालून त्याची एक प्रत काढायचे आणि ती कातडी बांधणीच्या वहीत चिकटवायचे. जाळण्याच्या पत्राची प्रत कशाला, असं हिटीनं एकदा विचारलं होतं.

"इतिहासासाठी," साहेब म्हणाले.

"मग जाळायला का सांगता?"

"सभ्यता म्हणून."

साहेबांचे हात थरथरायचे, म्हणून पत्राची घडी घालणं आणि लाखेनं बंद करणं हे हिटीचं काम. सहीखालचा तळाचा कागद कोरा राहायचा, चारेक बोटं रुंद. मोठ्या माणसाच्या सहीखाली मोकळी जागा हवी, नाहीतर सही गुदमरते, असं साहेबांचं मत. तो पदर घडीत आत जातो, बाहेरून दिसत नाही, आणि त्यावर काही लिहिलं तरी कागद एकाचा दोन होत नाही. हिटीनं पहिल्याच पत्राला बारीक अक्षरात त्या पदरावर लिहिलं, पुढून आणि मागून: 'डॉर्कस, मी आहे. तू आहेस का? चेस्टरबाईंच्या खाणावळीतली निळी बरणी माझ्याकडे आली, तुला हवी होती ना?'

सात आठवड्यांनी कर्नलसाहेबांचं पत्र आलं. त्याच्या तळाला चार बोटं डॉर्कस होती: 'हवी होती. अजून हवी आहे. चोरटी कुठली.'

तेव्हापासून रीत पडली. पत्र फोडायचं, तळाचा पदर कात्रीनं कापून घ्यायचा, मग उरलेला थोर भाग साहेबांना वाचून दाखवायचा. दोन्ही टोकांना हीच रीत, कारण दोन्हीकडच्या साहेबांचे डोळे अधू. हिटीकडचे पदर एका जुन्या चहाच्या डब्यात होते. त्यात डॉर्कसची दाढदुखी होती, व्हर्जिनियाच्या मक्याच्या पिठाला पाणी जास्त लागतं हे होतं, आईच्या अंगाईचं विसरलेलं तिसरं कडवं होतं.

आणि एक भांडणही होतं. कर्नलसाहेबांनी मानवाच्या जन्मसिद्ध हक्कांवर साडेतीन पानं लिहिली, तेव्हा त्यांच्या थोरपणाला जागा कमी पडून डॉर्कसच्या वाट्याला तीनच बोटं आली. तिनं लिहिलं: 'धाकट्या मुलीचं लग्न झालं. आहेरात चांदीचा चहाचा संच आणि सूकीच्या दोन मुली, फेबी आणि नॅन. नऊ आणि सात. मी त्यांना मोजे विणून दिले.' सूकी म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरातली गुलाम बाई. ती आणि डॉर्कस वीस वर्षं एकाच चुलीशी उभ्या होत्या.

हिटीला झोप आली नाही. तिनं लिहिलं, 'मोजे घालून हवाली केल्यास. कर्नलच्या हातात आणि तुझ्या हातात फरक काय?' डॉर्कसचं उत्तर आलं, 'तू त्याचं हक्कांवरचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि वर पुडिंग वाढलंस. ते कसं लागलं?' त्यावर हिटीनं तीन पत्रं कोरी जाऊ दिली. ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी. चार बोटं पांढरी. गेल्या वर्षीच्या मार्चच्या पत्रावर मात्र तिनं लिहिलं. आधी पाटीवर, पुन्हा पुन्हा पुसून, शेवटी एकच ओळ.

एप्रिलच्या मध्याला कर्नलसाहेबांचं पत्र आलं. तळाचा पदर कोरा. तिसऱ्या पानावर, कलमी झाडांच्या मजकुरानंतर एक वाक्य होतं: 'या महिन्यात आमची घर सांभाळणारी बाई तापानं वारली, त्यामुळं माझ्या न्याहारीचा फारच विस्कोट झाला आहे.' हिटीनं ते वाक्य न अडखळता मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. साहेब म्हणाले होते, "अरेरे, न्याहारीचा!" तारीख कर्नलसाहेबांनी लिहिली नव्हती. पत्र इथून तिकडं जायला तीन आठवडे. डॉर्कसनं ती ओळ वाचली, की तिच्या डोळ्यांवर त्याआधीच कुणी चादर ओढली होती, हे सांगणारं माणूस वेअरफील्डमध्ये नव्हतं.

आता थैली आली होती.

"सर," लायलसाहेब खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "कर्नल जानेवारीत गेले."

"कळलं. वर्तमानपत्रात वाचलं. मृत्युलेख दीड स्तंभ होता ना?" पेनिमनसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "दीडच?"

"दीड. पण आता त्यांचं स्मारक उभं राहील, सर. तुम्हा दोघांचा पत्रव्यवहार! दोन खंड. छापणारा ठरलाय. तुमची त्यांना आलेली एक्क्याण्णव पत्रं या थैलीत आहेत."

"माझी पत्रं?" साहेब एकदम ताठ झाले. "मी प्रत्येक पत्राखाली लिहायचो, जाळून टाका म्हणून!"

"कर्नलनी एकही जाळलं नाही."

"शब्द मोडला?"

"प्रत्येक वेळी, सर."

"मेंढ्यांवरचंही?"

"तेही आहे."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला खात्री होती," ते गदगदून म्हणाले, "तो शब्द पाळणार नाही. फार थोर माणूस."

"फक्त एक खोडी झालीय," लायलसाहेब थैली थोपटत म्हणाले. "बहुतेक पत्रांचा खालचा भाग कुणीतरी कापून नेलाय. कात्रीनं, अगदी सरळ. मजकूर गेलेला नाही, पण दिसायला वाईट. गेल्या एप्रिलनंतरची सोडली, तर तीन-चारच काय ती अख्खी आहेत."

ओट्याशी हिटीचा हात कणकेत थांबला.

"तीन की चार?"

"अं?"

"अख्खी पत्रं. तीन, का चार?"

"मोजली नाहीत हो बाई," लायलसाहेब हसले. "मुद्दा तो नाही. सर, मला आता हवीत कर्नलनी तुम्हाला लिहिलेली. त्यांनी प्रती ठेवल्या नाहीत, आळस. त्यांच्याशिवाय तुमची पत्रं म्हणजे एका हातानं टाळी."

पेनिमनसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. फिलाडेल्फियात लोकांनी तिसऱ्यांदा विनंती करेपर्यंत ते भाषणाला उठत नसत, तसा चेहरा त्यांनी केला. "माझे खासगी कागद? छापायला? शक्य नाही, महाशय. मेलेल्या मित्राचा विश्वास..." इथं ते थांबले आणि लायलसाहेबांनी दुसरी विनंती करायची वाट पाहू लागले. लायलसाहेब त्यातले जाणते होते. त्यांनी पाठोपाठ दोन केल्या.

"आता देशाचाच आग्रह आहे म्हटल्यावर..." साहेब सुस्कारले. "हिटी, ती शिसवी पेटी उघड."

"तुम्हाला डॉर्कस टटल आठवते का?" हिटीनं लायलसाहेबांना विचारलं. "कर्नलसाहेबांचं घर बघायची."

"कोण? हां, ती उत्तरेकडची बाई. पाव सुरेख करायची."

"ती कोणत्या तारखेला गेली?"

"मी रिचमंडला असतो हो. गेल्याचं कळलं तेही उशिराच."

"आणि फेबी आणि नॅन? बऱ्या आहेत?"

लायलसाहेबांना क्षणभर नावं लागेनात. "त्या होय. एक आहे आमच्याकडे. दुसरी बहुधा माझ्या भावानं नेली, अलाबामाला. तुम्हाला कशा माहीत?"

"मोजे कोणत्या मापाचे विणले ते मला माहीत आहे," हिटी म्हणाली.

मानवाच्या जन्मसिद्ध हक्कांवर अकरा पत्रं लिहिलेल्या पेनिमनसाहेबांनी घसा खाकरला, खुर्ची सावरली आणि देशाच्या वतीनं विचारलं, "न्याहारीला अजून काही आहे का?"

"पेटी, साहेब," हिटी म्हणाली.

तिनं हात धुतले, कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली. दोघेही वाकून बघू लागले. आत दोन लोकरी ब्लँकेटं होती, कसर लागू नये म्हणून ठेवलेला सुका झाडपाला होता, आणि कोपऱ्यात एक चहाचा डबा.

"पत्रं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"जाळली."

"कोणती?"

"सगळी. अठ्ठ्याहत्तर."

साहेबांनी एक ब्लँकेट उपसून खाली पाहिलं. मग ओरडले, "कुणाला विचारून?"

"तुम्हाला. दर वेळी पत्र वाचून झालं की मी शेवटची ओळ वाचायची, 'जाळून टाकावे.' तुम्ही हात छातीवर ठेवून म्हणायचात, 'सज्जनाच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, हिटी.' मी राखला. त्या चुलीत."

"मी ते म्हणताना पेटीकडे बघायचो!"

"मी चुलीकडे बघायची."

"अगं पण मोठ्या माणसांत जाळ म्हणजे जपून ठेव! सगळ्या देशाला कळतं ते!"

"मला वाटलं सज्जनाचा शब्द म्हणजे शब्द. वडिलांनी तसंच शिकवलं होतं." हिटीच्या तोंडावर रेषही हलली नाही. "ते साधे चर्मकार होते."

लायलसाहेब खुर्चीत मटकन बसले. तीन आठवड्यांचा प्रवास, ठरलेला छापखाना, दोन खंड. त्यांच्या कर्नलसाहेबांवर इथं पाव भाजले गेले होते.

"एक खंड तरी निघेल ना?" पेनिमनसाहेबांनी हळूच विचारलं. "माझा?"

"नुसत्या उत्तरांचा? लोक हसतील, सर." लायलसाहेब हिटीकडे वळले. बुडत्याला काडी. "बाई, तुम्हीच वाचून दाखवायचात ना? थोडंफार काही आठवतं?"

"थोडंफार नाही," हिटी म्हणाली. "सगळं."

बढाई नव्हती ती. टटलांच्या घरी रविवारी प्रवचनाहून परतलं, की बाप मुलींना समोर उभं करून दोन तासांचं प्रवचन मुद्द्यांसकट म्हणायला लावायचा. मुद्दा चुकला तर रात्रीचं पुडिंग नाही. दोघी बहिणींनी लहानपणी इतकं पुडिंग खाल्लं होतं, की कानावरून गेलेलं काही पुसलं जायचंच नाही.

"मग म्हणा! कुठलंही!" लायलसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली.

"अठराशे एकोणीस सालचा एप्रिल," हिटीनं हात पोटाशी जोडले आणि प्रवचनाच्या सुरात सुरू केलं. "माझ्या थोर मित्रा, तुमचं पत्र म्हणजे म्हातारपणाच्या हिवाळ्यात ऊन."

"वा!" पेनिमनसाहेबांनी डोळे मिटले.

"तुमच्या स्मरणशक्तीचं मला नेहमीच नवल वाटतं. फेब्रुवारीतल्या आमच्या व्हर्जिनियाच्या रस्त्यासारखी आहे ती: निघतात पुष्कळ, पोचत कुणी नाही. मिठाच्या कराच्या मताविषयी तुम्ही लिहिता, की तुम्ही ताडकन उभे राहिलात आणि समिती स्तब्ध झाली. मित्रा, समिती स्तब्ध होती हे खरं. पण तुम्ही तेव्हा समोरच्या न्हाव्याकडे अर्ध्या दाढीचे बसला होता. मत देऊन मी खाली आलो तेव्हा तुमच्या उजव्या गालावर साबण होता."

साहेबांचे डोळे उघडले होते.

"हे... हे त्यात होतं?"

"होतं."

"तू मला वाचून दाखवलंस?"

"स्तुती संपली की तुम्ही डोळे मिटायचात, साहेब. मला वाटायचं, मनन करताय."

लायलसाहेबांची पेन्सिल सुसाट धावत होती. "उजवा गाल," ते पुटपुटले. "अप्रतिम. बाई, पुढं?"

"वीस सालच्या नोव्हेंबरात कर्नलसाहेब लिहितात, की ते मत खरं तर त्यांचंही नव्हतं..."

"काय?" आता लायलसाहेबांची पेन्सिल थांबली.

"'म्हातारपणी खोटं कशाला बोलू? मलाही त्या दिवशी नीट कळलं नव्हतं, हात कशासाठी वर करायचाय. शेजारच्यानं केला म्हणून केला.' हेही जाळायलाच सांगितलं होतं त्यांनी. हे बहुधा मनापासून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लायलसाहेबांनी शेवटच्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारली आणि हिशेबी नजरेनं हिटीकडे पाहिलं. हे निवडून घ्यावं लागणार होतं. पण निवडायला तरी आधी सगळं हवं. आणि सगळं जगात एकाच ठिकाणी होतं, पिठाच्या ॲप्रनमागं.

पेनिमनसाहेब आधी बोलले. त्यांचा सूर कमालीचा बदलला होता.

"महाशय, विचारांती मला वाटतं, हिटीनं योग्य तेच केलं. सज्जनाची शेवटची इच्छा होती. काही गोष्टी जळाव्यात यातच त्यांचं पावित्र्य आहे. हिटी, तू हे सगळं विसरली आहेस."

"नाही हो साहेब, आठवतंय."

"विसरली आहेस म्हणतो ना मी! या क्षणापासून! हे बघ, मजकुरात... थडग्याच्या मजकुरात मी तुझं नाव घालीन. शेवटच्या ओळीत. 'विश्वासू सेविका.'"

"बारावी ओळ होईल," हिटी म्हणाली. "पाथरवट ओरडेल."

"बाई," लायलसाहेब उठून तिच्याजवळ आले. आवाजातलं लोणी परत आलं होतं. "मी दोन आठवडे गावातल्या खाणावळीत राहतो. तुम्ही रोज सांगा, मी लिहून घेतो. अठ्ठ्याहत्तर पत्रं. प्रस्तावनेत तुमचे आभार मानीन. आणि तुम्हाला जे हवं असेल ते, अगदी काहीही, तुम्ही फक्त मागा."

"गप्प राहण्याबद्दल मीही देईन!" साहेब घाईनं म्हणाले. "काहीही! माग!"

देशाचे दोन बाप, एक हयात आणि एक जावयाच्या रूपानं, अशी तिची मनधरणी करत होते. सत्तावीस वर्षांत या स्वयंपाकघरात तिला कुणी 'काय हवं' असं विचारलं नव्हतं. आज दोघांनी एका दमात विचारलं, तेही एकानं बोल म्हणून आणि एकानं बोलू नको म्हणून. डॉर्कस असती तर हसून हसून कणकेत पडली असती, हे हिटीच्या मनात आलं.

तिनं ॲप्रनला पुन्हा हात पुसले. बोटांच्या पेरांमध्ये धुवूनही राहिलेलं पीठ निघेपर्यंत पुसले. डॉर्कस कितीही रागावली असली, तरी हाती आलेला पदर कापल्याशिवाय राहिली नसती; चिडून फाडला असता, पण कात्रीनं, आणि सरळ. तीन पत्रं कोरी गेली होती, ती अख्खी असणारच. चौथं अख्खं असेल, तर त्याच्या तळाला ती ओळ अजून तशीच असेल, कुणी न वाचलेली.

"बोलायचं की गप्प राहायचं ते मी मागून ठरवीन," हिटी म्हणाली. तिनं न्याहारीचं टेबल फडक्यानं कोरडं केलं, साहेबांची पाटी बाजूला सरकवली आणि थैलीसाठी जागा केली. "त्याआधी माझं एकच मागणं आहे, लायलसाहेब. गेल्या वर्षीच्या मार्चमधलं पत्र काढा. मला ते वाचायचं नाही. त्याचा खालचा पदर कापलेला आहे की नाही, तेवढं मला बघू द्या."